कट्ट्यावर ड्रॅगन चालेल का?

पत्र थोडक्यात: कर्वेनगरच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५२, सहकारी बँकेत नोकरी, रोज वनाज ते कल्याणीनगर मेट्रोने ये-जा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्यांचा अकरा जणांचा वाचनकट्टा भरतो. दर वेळी एकाने पुस्तक निवडायचं, बाकीच्यांनी वाचून यायचं. आत्मचरित्रं, पेशवाईवरच्या कादंबऱ्या, दलित आणि ग्रामीण साहित्य असं पुष्कळ वाचून झालंय. मात्र सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या त्या दीड वर्षात भाचीने ताईंच्या किंडलमध्ये इंग्रजी विज्ञानकथा आणि फँटसी भरून दिल्या, आणि तेव्हापासून त्या दुसरं फारसं काही वाचत नाहीत. अँडी वीअरचं ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ दोन रात्रींत संपवलं, मार्था वेल्सच्या ‘मर्डरबॉट’चे मिळतील तेवढे भाग वाचले, सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’ तर दोनदा. कट्ट्यावर यातलं कुणालाच काही ठाऊक नाही. एकदा विषय निघाला तेव्हा तिथले ज्येष्ठ सदस्य, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, “राक्षस-पऱ्या आटोपल्या की साहित्याकडे वळू” म्हणाले. सगळे हसले, ताईही हसल्या. पुढच्या महिन्यात निवडीची पाळी त्यांची आहे. ‘हेही साहित्यच आहे हे सिद्ध व्हावं’ म्हणून त्यांनी तीन नावं काढली आहेत: फ्रँक हर्बर्टचं ‘ड्यून’ (जे त्यांनी स्वतः शंभर पानांवर सोडलं), लिऊ त्सिशिनचं ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आणि अर्सुला ले ग्विनचं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. यातलं कोणतं घ्यावं, की मुकाट्याने एखादी ‘सभ्य’ कादंबरी सुचवून मोकळं व्हावं? निम्म्या मंडळींना इंग्रजी जड जातं, ती अडचण वेगळीच. आणि पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात: या वयात हे वाचणं म्हणजे पळपुटेपणा तर नाही ना?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात दोन याद्या आहेत. एक, तुमची झोप उडवणाऱ्या पुस्तकांची. दुसरी, कट्ट्यासाठी काढलेल्या पुस्तकांची. या दोन्हींत एकही नाव सामाईक नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? जे ‘ड्यून’ तुमच्याच्याने शंभर पानांपुढे रेटलं गेलं नाही, ते बाकीच्या दहा जणांनी महिनाभरात वाचून यावं आणि वर या सगळ्या प्रकाराबद्दलचं त्यांचं मतही सुधारावं, अशी तुमची अपेक्षा आहे.

मला वाटतं, तुम्ही वकील शोधताय. भारदस्त, नावाजलेला, तुमच्या त्या प्राध्यापक सरांपुढे उभं राहून खटला जिंकून देणारा. पण कट्ट्यावर खटला कुणी भरलाय? एका माणसाने एक कोटी केली, बाकीचे सवयीने हसले. आपण वकीलपत्र घेऊन गेलो की बोलण्यात आपोआप बचावाचा सूर येतो आणि समोरच्याला तो पहिल्या वाक्यात कळतो. मग चर्चा पुस्तकावर होतच नाही, ‘याला साहित्य म्हणावं का’ यावर होते. तो विषय एकदा निघाला की पोहे गार होईपर्यंत संपत नाही.

जयंत नारळीकरांचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बेतलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. स्वतःच्या नावाने पाठवली असती तर परीक्षकांवर दडपण आलंच असतं. त्यांनी नाव बाजूला ठेवलं, कथा तेवढी पुढे केली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तुम्ही कथा बाजूला ठेवून मानमरातब पुढे करताय. हेच नारळीकर २०२१ च्या नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हा हुकमाचा पत्ता सरांवर टाकायचा मोह तुम्हाला होईल. टाकू नका. त्याने सर गप्प होतील, वाचणार नाहीत.

दुसरी गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे ती अशी की, कट्ट्याला या प्रकाराचं वावडं आहे. मला शंका आहे. मंडळी पन्नाशी-साठीची आहेत ना? मग त्यांतल्या निम्म्यांनी शाळेच्या सुट्टीत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचलेला असणार, ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. उरलेल्यांनी नारायण धारप वाचले असणार, दिवा मालवायची हिंमत न होता. धारप तर पुण्याचेच, आणि भयकथांच्या जोडीने त्यांनी ‘नेनचिम’सारखी विज्ञान कादंबरीही लिहिली. सरांनी लहानपणी नाथमाधवांचा ‘वीरधवल’ वाचला नसेल, यावर माझा विश्वास बसणार नाही. ही माणसं या गावाला आधीच जाऊन आलेली आहेत. मोठं होताना ते लहान मुलांचं म्हणून मागे ठेवलं गेलं, इतकंच. ज्या शहरात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, ज्याच्या जिल्ह्यात खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रात्रंदिवस आकाशाला कान लावून बसल्या आहेत, तिथे अवकाशाची गोष्ट पोरकट ठरावी याची मला आपली गंमत वाटते.

आणि हो, ‘आपल्या पुराणांत हे सगळं होतंच’ हा मुद्दा कृपा करून काढू नका. पुष्पक विमान खरं होतं की नव्हतं यावर तुमचा शनिवार जाईल, आणि तुमचं पुस्तक पिशवीतून बाहेरही निघणार नाही.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते पहिल्या वीस-तीस पानांत. वास्तववादी कादंबरी वाचणाऱ्याला सवय असते की जग ओळखीचं आहे, माणसं तेवढी नवी आहेत. इथे जगच नवं असतं, आणि लेखक ते समजावून सांगत नाही. ‘पिरानेसी’चं पहिलंच पान काढून बघा. नोंदीच्या माथ्यावर सालाच्या आकड्याऐवजी लिहिलंय की हे नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला त्या वर्षातलं. मग सांगणारा माणूस तीन भरत्या एकत्र येताना बघायला निघतो. कसली भरती? घरात समुद्र कसा? हे घर आहे तरी कुठे? मुरलेला वाचक हे प्रश्न खिशात टाकून पुढे जातो, त्याला ठाऊक असतं की उत्तरं पुढे मिळणार आहेत. नवा वाचक तिथेच थांबतो, पान उलटून मागे जातो, आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं असं समजतो, आणि तिसऱ्या खेपेला ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून मिटवून ठेवतो. सरांच्या कोटीमागेही कदाचित असं एखादं मिटवून ठेवलेलं पुस्तक असेल.

लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्याच सकाळी सासूबाईंना प्रत्येक डबा उघडून दाखवायला सांगत नाही. चार दिवस स्वयंपाकघरात वावरली की डाळ कुठे आणि गूळ कुठे ते कळतं. कट्ट्याला पुस्तक देताना एवढंच सांगा: पहिली तीस पानं काही कळलं नाही तरी चालेल, ते तसंच लिहिलेलं आहे. या एका वाक्याने जेवढं काम होईल तेवढं कुठल्याही पुरस्काराच्या नावाने होणार नाही. तुमच्यासारखी अडचण असलेल्या इतर वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. ज्या आईला लेकीच्या हातातल्या ड्रॅगनच्या पुस्तकात शिरता येत नाही, तिलाही. (त्या ड्रॅगनस्वारांच्या प्रेमकथा सध्या मुली ढिगाने वाचतात. मला त्यांतलं एक पुरलं. पण लेक वाचतेय तर ती नेमकं काय वाचतेय ते आईने तिलाच विचारावं. ‘माझ्यासाठी चांगलं असं दे’ म्हणू नये, ‘तू पुन्हा वाचशील असं दे’ म्हणावं.)

आता पुस्तक. एकदम जाडजूड काही नको. ब्रँडन सँडरसनचं ‘द वे ऑफ किंग्ज’ हजार पानांचं आहे आणि तो फक्त पहिला भाग. त्याचे चाहते ते देव्हाऱ्यात ठेवतात, पण महिनाभराच्या कट्ट्यासाठी ते नव्हे. तुमच्या तीनांपैकी एक घ्यायचंच असेल तर ‘थ्री-बॉडी’ घ्या, कारण त्याच्या इंग्रजी अनुवादाची सुरुवात परग्रहावर होत नाही. ती चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ मध्ये होते. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला भर सभेत लाल रक्षकांकडून जीव जाईपर्यंत मारहाण होते आणि त्याची मुलगी समोर उभी राहून ते पाहते. पुढे ती जो निर्णय घेते त्याची मुळं त्या दिवसात आहेत. राजकीय-सामाजिक वाचणाऱ्या मंडळींना हे धरून ठेवेल. मधला भौतिकशास्त्राचा पट्टा मात्र काहींना थकवेल.

पण माझी सूचना अशी की या पाळीला कादंबरी नकोच. एक कथा द्या. नारळीकरांचीच, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तुमच्या कट्ट्याने पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचल्या आहेत म्हणजे पानिपत त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघाले आहेत. गाडी आहे जिजामाता एक्स्प्रेस, डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान. खिडकीतून बघतात तर पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहतीच नाहीत. मुंबईत उतरतात तर ईस्ट इंडिया कंपनी अजून शाबूत. आपण कुठे येऊन पडलो हे शोधायला हा माणूस काय करतो? पोलिसात जात नाही. टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे खंड मागवतो, तेही स्वतःच लिहिलेले! आणि पानं उलटत उलटत पानिपतावर येऊन अडकतो. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी या जगात त्यांच्या कानाला चाटून गेली आहे. तेवढ्याने पुढचं सगळं बदललं. आपण हरलो नसतो तर काय झालं असतं, हा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर दर महिन्याला कुणी ना कुणी काढतंच. नारळीकर तो घेऊन कुठे जातात ते बघा. शेवट मी सांगत नाही, सरांनाही आधी सांगू नका.

या कथेने तुमची भाषेची अडचणही सुटते. मूळ मराठीत आहेच, नारळीकरांची पुस्तकं नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात किंवा अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत विचारा. आणि तिचंच इंग्रजी रूप, ‘द अ‍ॅडव्हेंचर’, एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात थोडं संक्षिप्त करून घेतलेलं आहे. कट्ट्यावरच्या कुणाच्या नातवाने ते वाचलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. आजोबा आणि नातू एकाच कथेवर बोलतील, हे आपल्याकडे किती वेळा होतं?

शनिवारी पहिला अर्धा तास ‘आवडली की नाही’ हे कुणालाही विचारू नका. प्रत्येकाला विचारा, तुझ्या आयुष्यात अशी गोळी कधी कानाला चाटून गेली? बदली झाली नाही, स्थळ नाकारलं, मुलाखतीला गाडी चुकली. साठीच्या माणसांकडे याची उत्तरं तयार असतात, पण ती कुणी विचारलेली नसतात. विज्ञानकथा काय करते हे व्याख्यान न देता त्यांना कळेल.

त्यानंतर, त्याच संध्याकाळी, ‘पिरानेसी’ बाहेर काढा. सगळ्यांनी वाचून यायचं पुस्तक म्हणून नव्हे. तुम्ही त्याची दोन पानं तुमच्या मराठीत सांगा, सुचेल तसं. मी हे पुस्तक निवडलं कारण तुम्ही ते दोनदा वाचलंय आणि दोनदा का वाचलं ते पत्रात लिहिलेलं नाही.

माझा अंदाज सांगतो, चुकला तर सोडून द्या. या कादंबरीतला माणूस एका अफाट घरात जवळपास एकटा राहतो. बाहेरचं जग त्याला आठवत नाही. तो मासे धरतो, भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवतो, आणि त्या घरात जे मरून पडलेत त्यांच्या अस्थींची काळजी घेतो. त्यांना खाणंपिणं नेऊन ठेवतो, कमळाची फुलं वाहतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही. तुम्ही लिहिलंय की रात्री दोनला सासूबाईंची कूस बदलून दिली की झोप यायची नाही, मग किंडल उघडायचात. त्या वेळी तुमच्या हातात नेमकं हे पुस्तक होतं. क्लार्क स्वतः लांबलेल्या आजारपणामुळे कित्येक वर्षं घरात अडकून पडल्या होत्या, पहिल्या कादंबरीनंतर दुसरी यायला १६ वर्षं गेली, ती दुसरी म्हणजे ही. असं पुस्तक रात्री अडीचला वाचणाऱ्या बाईला पळपुटी कोण म्हणेल? पळायचं असतं तर तुम्ही दोनचा गजर बंद केला असता. कट्ट्यावर ज्या पेशवाईच्या कादंबऱ्या चवीने वाचल्या जातात, त्यांतून शनिवारवाड्यात जाऊन बसणारे वाचक कुठून सुटून येतात, हेही कधीतरी विचारायला हरकत नाही. मात्र या शनिवारी नको.

दीड वर्षाच्या त्या जागरणांबद्दल कट्ट्याला काही सांगायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. पुस्तकाबद्दल बोलताना ते आपोआप निघालं तर निघू द्या.

‘सभ्य’ कादंबरी सुचवून मोकळं होणं हाही पर्याय आहे, त्यात काही वाईट नाही. वाचनातली एखादी खोली फक्त आपली असावी असं वाटणं स्वाभाविक आहे आणि सगळ्याच आवडी चव्हाट्यावर आणाव्यात असा काही नियम नाही. फक्त एक तपासून बघा. गप्प राहिल्यावर तुम्हाला निवांत वाटतं की गेल्या वेळच्या हसण्यासारखं खटकत राहतं? पत्र चार पानी आहे म्हणून माझा कल तुम्हाला कळलाच असेल.

कथा चालली, कुणी ‘अजून काय आहे’ विचारलं, तर पुढच्या पाळीला दोन नावं मनात ठेवा. ज्यांनी दलित आत्मकथनं मनापासून वाचली आहेत त्यांना ऑक्टेव्हिया बटलरचं ‘किंड्रेड’ द्या, १९७९ चं. लॉस एंजलिसमधली १९७६ सालची एक कृष्णवर्णीय लेखिका पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तिथला गोरा मालकपुत्र तिचाच पूर्वज आहे, आणि आपण जन्मावं म्हणून तिला त्याचा जीव वाचवत राहावं लागतं. ती तिकडे कशी जाते हे बटलर समजावून सांगतही नाही, कारण त्याची गरज पडत नाही. हलकंफुलकं हवं असेल तर तुमचा मर्डरबॉट. पहिला भाग जेमतेम दीडशे पानांचा. सुरक्षेसाठी बनवलेलं यंत्र स्वतःवरचं नियंत्रण तोडून स्वतंत्र होतं, आता ते कुणालाही मारू शकतं, आणि त्या स्वातंत्र्याचं ते करतं काय? मालिका बघत बसतं. माणसं बोलायला आली की त्याला संकोच होतो. संध्याकाळी सात ते नऊ फोन न उचलणारी दोन-चार मंडळी तुमच्या कट्ट्यावर असतीलच, त्यांना हे यंत्र घरचं वाटेल.

मराठीतच मोठं काही हवं असं कुणी म्हणालं, तर टोल्कीनच्या मुद्रिकेची सगळी गाथा, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. ती पावसाळ्यात सुरू करावी आणि दिवाळीपर्यंत पुरवावी.

आणि सरांचं काय, हे राहिलंच. कथेची झेरॉक्स सगळ्यांत आधी त्यांच्या घरी नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. देताना सांगा की इतिहासाच्या बाजूने काही चुकलेलं आढळलं तर खुणा करून आणा. ते पेन्सिल घेऊन बसतील, म्हणजे प्रत्येक ओळ वाचतील. शनिवारी ते म्हणाले, की गोष्ट ठीक आहे पण साहित्य म्हणवत नाही, तर ‘बरं’ म्हणा आणि त्यांनी कुठे कुठे खुणा केल्यात ते विचारा. त्यापुढच्या महिन्यात पाळी त्यांची असेल तर ते जे निवडतील ते, कितीही जड असलं तरी, पूर्ण वाचून जा. मेट्रोत वेळ मिळतोच.